बुडालेल्या जहाजाकडे स्कूटरवरून

प्रश्न : पंचगंगेत पोहायला शिकलेला माझा मुलगा तारकर्लीला स्कूबा करून आला आणि आता स्कूटर घेऊन खोल समुद्रातील बुडालेली जहाजे पाहायची म्हणतो. या स्कूटरचा नेमका उपयोग काय? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ही बॅटरीवर चालणारी, हातात धरायची पंख्याची मोटर पाणबुड्याला ओढत नेते. ग्रीसच्या केआ बेटाजवळ १९१६ मध्ये बुडालेले ‘ब्रिटानिक’ हे जहाज सुमारे १२० मीटर खोल असून जवळजवळ २७० मीटर लांब आहे. तेवढ्या खोलीवर साध्या सिलिंडरमधून प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तेरापट वायू खर्ची पडतो आणि पाय मारून दमल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी वाढते. म्हणूनच तिथे स्कूटर ही चैन नव्हे. खोलीवरची गुंगी कमी करणारा हेलियममिश्रित वायू आणि शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे तासन्‌तासांचे थांबे तर अटळच आहेत.

मला खरी काळजी वाटते ती स्कूटर बंद पडण्याची, कारण ती जितके दूर नेईल तितके अंतर पोहून परतण्यापुरता वायू जवळ असलाच पाहिजे. जहाजाच्या आत पंख्याने गाळ उसळला, तर बांधत नेलेली दोरीच बाहेरची वाट दाखवते. चिरंजीवांनी आधी ४० मीटरच्या आतील प्रशिक्षण आणि भरपूर सराव पूर्ण करावा. हेलियमचे शिक्षण त्यानंतर घ्यावे.