ऑर्लँडोच्या थीम पार्कांत फक्त नव्या राईड्स केल्या आणि जुन्या वगळल्या तर चालेल का? आता सगळं स्क्रीनवरच असतं ना?

नाही चालणार. आणि स्क्रीनचं म्हणाल तर तेही अर्धंच खरं आहे. त्याकडे नंतर येतो.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘जुन्यांत काय, पुतळे हलतात तेवढंच.’ ते वाचलं आणि राहवलं नाही. मी पुण्यात गणपतीचे हलते देखावे करतो, वडीलही तेच करायचे. भंगारातल्या वायपर मोटरी, सायकलच्या चेन, लाकडी कॅम आणि वर फायबरचा अफझलखान. ‘पुतळे हलतात तेवढंच’ हे वाक्य आमच्या घरात खपत नाही.

माझी ताई आणि दाजी अमेरिकेत असतात. त्यांच्याबरोबर ऑर्लँडोला गेलो होतो. दाजी सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे जगात जे काही चालतं ते आतून सॉफ्टवेअरच असतं यावर त्यांची श्रद्धा. डिस्नेच्या मॅजिक किंग्डम पार्कमध्ये ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्याच्या राईडच्या रांगेत उभं राहायलाच ते तयार नव्हते. राईड 1971ची, पार्क उघडला त्या दिवसापासूनची. कॅलिफोर्नियातली मूळची तर 1969ची. “एवढं विमानाचं तिकीट काढून जुनं सामान काय बघायचं?” भाचा हटून बसला म्हणून गेलो.

आत एक बॉलरूम लागते. तुमची बग्गी सज्जावरून सरकत असते. समोर खाली लांबलचक जेवणाचं टेबल, खुर्च्या, आणि त्यात आरपार दिसणारी भुतं. काही टेबलाशी बसलेली, काही जोडीजोडीने गिरक्या घेत नाचणारी. मधेच विरतात, पुन्हा उमटतात. डोळ्यांवर चष्मा नाही, समोर पडदा नाही.

“होलोग्राम आहे,” दाजी म्हणाले. “मागाहून बसवलेला.”

“काच आहे, दाजी.”

“एवढी मोठी काच? काहीतरीच.”

हा वाद बाहेर आला, जेवायला बसला, परतीच्या गाडीतही होता. ताईने शेवटी गाणी लावली.

तर काचच आहे. युक्ती 1862ची, लंडनची. कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची. जॉन हेन्री पेपर यांनी ती रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत रंगमंचावर आणली आणि नाव त्यांचं लागलं, ‘पेपर्स घोस्ट’. रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीबाहेरच्या अंधारात बघताना काचेवर आपलाच चेहरा दिसतो, तेवढंच शास्त्र. डिस्नेच्या येल ग्रेसी यांनी ते अख्ख्या दालनाएवढं केलं. सज्जा आणि दालन यांच्यामध्ये अवाढव्य काच. भुतांचे खरे पुतळे तुमच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, तुम्हाला दिसणार नाहीत असे, काळ्या पार्श्वभूमीवर. त्यांच्यावर दिवा पडला की प्रतिबिंब दालनात उभं राहतं, दिवा विझला की भूत गेलं.

आता यातली खरी मेख. प्रतिबिंब काचेच्या मागे तेवढंच लांब दिसतं, जेवढा पुतळा काचेपासून लांब असतो. म्हणजे भूत चित्रासारखं सपाट नसतं, त्याला खरीखुरी ‘डेप्थ’ असते. तुमची बग्गी सरकते तशी भुतं टेबलाच्या मानाने अचूक सरकतात, आणि शेजारच्या बग्गीतल्या माणसाला त्याच्या जागेवरूनही तितकीच अचूक दिसतात. एकाच वेळी प्रत्येकाला, प्रत्येकाच्या कोनातून बरोबर. हे साध्या सपाट पडद्याला जमत नाही, आणि काच 1969पासून कोणताही हिशेब न करता करतेय.

पुरावा हवा म्हणून मी दाजींना पुन्हा आत नेलं आणि नाचणारी जोडपी नीट बघायला सांगितली. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटं होतं, त्यामुळे तिथे बाई पुरुषाला नाचवताना दिसते. होलोग्राम असता तर असा उलटा कशाला करतील? दाजी म्हणाले, “समानता दाखवायची असेल.” यापुढे माणसाने काय बोलावं!

(जत्रेतली नागकन्या आठवते? सापाचं अंग आणि मुलीचं डोकं. तीही आरशांची करामत. 1865मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये टेबलाखाली तिरपे आरसे लावून बिनधडाचं बोलतं मुंडकं दाखवत, त्याच घराण्यातली.)

बरं, स्क्रीन. स्क्रीन वाईट नाही, आळशी स्क्रीन वाईट. थिएटरात तुम्ही एका जागी बसता, म्हणून चित्राचा दृष्टिकोन एकदा ठरवला की काम झालं. राईडमध्ये तुम्ही चालत्या गाडीत असता. ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सल पार्कच्या ‘स्पायडर-मॅन’ राईडने 1999मध्ये यावर उत्तर काढलं. गाडी रुळावरून पुढे जाते, वळते, डोलते, आणि पडद्यावरचं थ्रीडी चित्र गाडीच्या जागेप्रमाणे सतत वाकवलेलं असतं. स्थिर उभं राहून बघितलं तर ते वेडंवाकडं दिसेल, गाडीतून सरळ दिसतं. भोवतीच्या भिंती, रस्ते, खांब खरे बांधलेले, मधे खरी आगही लागते. सेट कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळू देत नाहीत. शेवटी चारशे फूट खाली कोसळल्यासारखं वाटतं आणि गाडी जवळजवळ जागेवरच असते. मी हे बघून गप्प झालो होतो. त्याचं दाजींनी लगेच भांडवल केलं, ‘बघ, कॉम्प्युटर!’ अहो, कॉम्प्युटर आहेच. पण जीव आहे तो गाडी आणि चित्र यांच्या मेळात.

युनिव्हर्सलचीच 2010ची ‘हॅरी पॉटर अँड द फॉरबिडन जर्नी’ याच्याही पुढे गेली. बाक थेट कुका कंपनीच्या कारखान्यातल्या रोबॉटच्या हातावर बसवलाय, आणि काही प्रसंगांत घुमटाकार पडदा बाकाबरोबर चालत राहतो. म्हणून नजर कधी पडद्याच्या कडेला जातच नाही. उलट काही ठिकाणी गाडी नुसती दोन पडद्यांच्या मधे उभी करून हलवतात आणि वर पाणी शिंपडतात. नाव घेत नाही, तिथे गेलात की ओळखाल. ते मल्टिप्लेक्समध्येही होतं.

सगळं स्क्रीनकडे चाललंय हे तर मुळात खोटं आहे. डिस्नेची ‘स्टार वॉर्स’वरची राईड ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ (डिसेंबर 2019) घ्या. गाडीला रूळच नाहीत, पूर्ण आकाराची लढाऊ यंत्रं समोर उभी आहेत, आणि स्क्रीन मुख्यतः खिडकीबाहेरचं अवकाश दाखवायला. बिनरुळाच्या गाड्या टोकियोत 2000पासून आहेत, तेही नवं नाही. ‘फ्रोझन’ची बोटराईड 2016मध्ये ऑर्लँडोतल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कला आली तेव्हा पुतळ्यांचे चेहरे प्रोजेक्शनचे होते, निळसर चमकायचे. 2023मध्ये तीच राईड हाँगकाँगला बांधली तेव्हा चेहरे यंत्राने हलणारे केले. म्हणजे पैसा असला की लोक पुतळ्याकडे परत येतात. मे 2025मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्या पार्कमधल्या ‘मॉन्स्टर्स अनचेन्ड’मध्येही रोबॉटचा हात आहे आणि समोर राक्षसांचे खरे पुतळे.

हे मी आमच्या मंडळातल्या पोरांनाही सांगून दमलो. दाजींनी तिकडून भरघोस वर्गणी पाठवली आणि सोबत सल्ला, ‘आता एलईडी वॉल लावा.’ लावली. लोक चालता चालता बघायचे आणि पुढे जायचे. पडदा तर त्यांच्या खिशातही असतो. पूर्वी याच काचेच्या युक्तीने केलेला आमचा वेताळ बघायला माणसं थांबायची, फक्त समोरच्या भेळवाल्याला बल्ब खाली घ्यायला सांगावं लागे, नाहीतर वेताळाच्या पोटात बल्ब दिसायचा.

आता पुतळ्यांच्या विरोधातलंही सांगायला हवं, नाहीतर दाजी कॉमेंटमध्ये लिहितीलच. पुतळा बिघडतो. अ‍ॅनिमल किंग्डम या डिस्नेच्याच पार्कमधल्या ‘एक्स्पीडिशन एव्हरेस्ट’चा यती साधारण 25 फुटी आहे. 2006मध्ये तो प्रवाशांवर खरोखर झेपावायचा. काही महिन्यांतच ते बंद पडलं, आणि नंतर अनेक वर्षं तो जागेवरच, समोर दिवे लुकलुकवून हलल्याचा भास. जीवघेण्या वजनाची यंत्रं दर मिनिटाला झेपावत ठेवणं सोपं नाही. मोटर जळाल्यावर विसर्जनापर्यंत हाताने दोरी ओढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं. तिकिटं, रांगेचे पास वगैरे इतरांनी लिहिलंय. तुम्ही मुलगी सात वर्षांची म्हणता, तिची उंची निघण्यापूर्वी मोजा. ‘फॉरबिडन जर्नी’ला 48 इंच लागतात, ‘फ्लाईट ऑफ पॅसेज’ला (डिस्नेची ‘अवतार’वरची राईड, उडत्या प्राण्यावर बसल्यासारखी) 44, ‘राइज’ आणि ‘स्पायडर-मॅन’ला 40. ‘हाँटेड मॅन्शन’ला उंचीची अटच नाही. पडद्याच्या राईड्समध्ये चक्कर येते, विशेषतः ‘फॉरबिडन जर्नी’त, म्हणून लागोपाठ दोन करू नका आणि भरल्या पोटी तर नकोच. ‘फ्लाईट ऑफ पॅसेज’ पूर्णपणे पडद्याची आहे आणि तरी मला आवडली, कारण मांड्यांखाली तो प्राणी श्वास घेताना जाणवतो. तेवढं मी दाजींपाशी कबूल केलेलं नाही.

आणि ‘हाँटेड मॅन्शन’ला जाच. बॉलरूममध्ये मोबाईल काढू नका, फ्लॅश तर मुळीच नको, बाकीच्यांची भुतं जातात. नाचणारी जोडपी मात्र बघा, कोण कोणाला नाचवतंय ते, आणि परत आल्यावर इथे कॉमेंटमध्ये लिहा. लिंक एकाला पाठवायची आहे.