चीनमधल्या शिआनला पाठीवर सॅक टाकून स्वस्तात फिरता येईल का? स्वस्तात म्हणजे हालच ना? आणि शाकाहारी माणसाने काय करावं?

येईल. मी २०१९ च्या एप्रिलमध्ये सहा दिवस राहिलो. डॉर्मिटरीतली कॉट, खाणं, बस-मेट्रो आणि तिकिटं धरून रोजचे दीडशे ते दोनशे युआन लागले, म्हणजे तेव्हाच्या भावाने दीड-दोन हजार रुपये. तुमचा पैशाचा प्रश्न इथे संपला.

पण तुमचं ते 'स्वस्तात म्हणजे हालच ना?' वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी दर दिवाळीला माझ्या साडूच्या तोंडून ऐकतो. तोही त्याच वर्षी शिआनला जाऊन आला, टूर कंपनीबरोबर. सोबत कंपनीचा महाराज होता. शिआनला दीड दिवस, त्यात दोन वेळा वरण-भात आणि एकदा पिठलं. तिथून आल्यापासून मी चीनमध्ये 'भिकाऱ्यासारखा' फिरलो असं तो चारचौघांत सांगतो. त्याने काय खाल्लं हे मी सांगितलं, आता मी काय खाल्लं ते ऐका.

ढोलमनोऱ्याच्या मागे मुस्लीम मोहल्ला आहे. मुख्य रस्ता सगळा पर्यटकांचा, तिथे थांबू नका, आडव्या गल्लीत शिरा. मी असाच एका दुकानात शिरलो आणि पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्शात कुस्करलेली रोटी, मागवलं. बाईंनी समोर एक मोठा रिकामा वाडगा आणि दोन जाड, पांढऱ्या, घट्ट रोट्या ठेवल्या आणि निघून गेल्या. मी कोल्हापूरकडचा, रश्शात भाकरी कुस्करून खाणारा. मला वाटलं, हे तर आपल्याला पाळण्यापासून येतं. दोन मिनिटांत रोट्यांचे मोठे मोठे तुकडे केले आणि वाडगा पुढे सरकवला. बाईंनी वाडग्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत वळून काहीतरी ओरडल्या. आतून हसण्याचा आवाज आला.

समोर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्या वाडग्यातला एक तुकडा उचलला, चिमटीत धरून तोडला, पुन्हा तोडला, आणि सोयाबीनच्या दाण्याएवढा झाल्यावर माझ्या नाकासमोर धरला. असं! मग आम्ही दोघं आपापले वाडगे घेऊन बसलो. ती रोटी फारशी फुगवलेली नसते, त्यामुळे तुकडा मोठा राहिला तर रस्सा आतपर्यंत जात नाही आणि मधे पीठ लागतं. पाऊण तास गेला, बोटांची टोकं दुखायला लागली. भाषा एकमेकांची शून्य. 'यिंदू?' असं त्यांनी विचारलं, मी मान हलवली, गप्पा संपल्या. मग वाडग्याला नंबराचा बिल्ला लावून तो आत गेला, कारण आपण कुस्करलेलं आपल्यालाच परत मिळतं. प्रत्येकाचं वेगळं शिजवतात. आलं तेव्हा त्यावर मटणाचे काप, काचेसारख्या शेवया, बाजूला मिरचीची चटणी आणि साखरेत मुरवलेला लसूण. मी चमचा घालून ढवळणार तोच आजोबांनी मनगट धरलं. ढवळायचं नाही, कडेकडेने खात जायचं. बिल तीस युआनच्या आसपास. याला हाल म्हणतात?

साडूचा बचाव असा की 'आम्ही सगळं बघितलं'. तटबंदीवर चढून फोटो काढला आणि उतरले, म्हणजे बघितलं. ती भिंत मिंग काळातली, चौदाव्या शतकातली, घेर साधारण चौदा किलोमीटर आणि वरून दोन एसट्या शेजारशेजारून जातील एवढी रुंद. तिकीट चोपन्न युआन, वर भाड्याने सायकल मिळते. विटांवरून सायकल अशी दणके देते की दुसऱ्या दिवशी बसवत नाही, तरी पूर्ण फेरी माराच.

मातीच्या सैन्याबद्दल, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांबद्दल, सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात. विहीर खणताना शेतकऱ्यांना १९७४ मध्ये सापडलं, तिकीट १२० युआन. रेल्वे स्टेशनजवळून ३०६ नंबरची सरकारी बस मी सात युआनमध्ये पकडली. तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर बसवाल्यांच्या हाकांना ओ देऊ नका.

बीजिंगहून रात्रीच्या गाडीने 'हार्ड स्लीपर' घ्या. नावावर जाऊ नका, आपल्या स्लीपरपेक्षा गादी बरी असते. एका कप्प्यात सहा बर्थ, सगळ्यात वरचा सगळ्यात स्वस्त. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी फुकट, त्यामुळे चहापत्ती जवळ ठेवा.

शाकाहाराचं राहिलंच. ल्यांगपी म्हणजे थंड नूडल्स, व्हिनेगर आणि मिरचीच्या तेलातल्या. आणि पट्ट्याएवढ्या रुंद ब्यांगब्यांग नूडल्स, ज्यांच्यावर तिखट टाकून वरून कडकडीत तेल ओततात. चर्र आवाज होतो, आपल्या फोडणीसारखाच. दहा-पंधरा युआन. पण काही ठिकाणी त्यात खिमा घालतात, आणि रस्सा मटणाचा नाही याची खात्री मी देणार नाही. 'मी मांस, मासे, अंडं खात नाही' हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. एवढ्यानेही जीव घाबरत असेल तर महाराजवाली टूर घ्या, मी रागावणार नाही. (साडूवर रागावतो, कारण तो मटण खातो.)

हे आधी सांगायला हवं होतं: माझे भाव २०१९ चे आहेत. आता सगळा व्यवहार फोनवर चालतो, त्यामुळे अलीपे या पैसे देण्याच्या ॲपला कार्ड निघण्याआधीच जोडा. पहिल्या रात्री एका स्वस्त लॉजने पासपोर्ट बघून मला परत पाठवलं होतं, तेव्हा परदेशी माणसाला खोली देता का हे बुकिंगच्या आधी विचारा. आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, सगळा चीन सुट्टीवर असतो.

शेवटचं. मोठ्या हंस पॅगोड्यासमोर ह्युएनत्संग या चिनी बौद्ध भिक्षूचा पुतळा आहे. भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला तो पॅगोडा ६५२ मध्ये बांधला. साडूने पुतळ्याखाली सेल्फी काढला, पण हा माणूस चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला हे त्याला माझ्याकडून कळलं. इथल्या लोकांबद्दल ह्युएनत्संग लिहितो की उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, आणि सूड घ्यायचा असला तर शत्रूला आधी कळवतात.

साडूसाहेब ही उत्तरं वाचतात, मला माहीत आहे. कळवलं. दिवाळीला येतोय, वाडगा आणि रोट्या मी आणतो.