भाड्यातून हप्ता निघतो का? पहिलंच घर भाड्याने देणार असाल तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. नोकरी सांभाळून कर्जावर फ्लॅट घेतला तर हप्ता भाड्यातून परस्पर फिटेल का, भाडेकरू कसा निवडावा, आणि सगळा व्यवहार एजंटवर सोपवावा की स्वतः बघावा. मी बरीच वर्षं घरं भाड्याने देते. पहिल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तो हिशेब चुकला तर पुढे कितीही चांगला भाडेकरू मिळाला तरी घर पोसावंच लागतं.

घराची किंमत १०० धरा. तुम्ही २० भरता, ८० कर्ज काढता, मुदत २० वर्षं, व्याज ९ टक्के. दरमहा हप्ता येतो साधारण ०.७२, म्हणजे वर्षाला ८.६४. आता समजा त्या भागात अशा घराला महिना ०.४० भाडं मिळतं. बारा महिन्यांचे ४.८ झाले, असं विकणारा सांगेल. पण भाडेकरू बदलतात, मधे रंग लागतो, नवा माणूस मिळेपर्यंत घर बंद राहतं. एक महिना रिकामा गेला की वर्षाच्या उत्पन्नातले ८ टक्क्यांहून जास्त गेले. म्हणून अकराच महिने धरा: ४.४. त्यातून इमारतीचा देखभाल खर्च, घराचा कर, विमा, दुरुस्त्या आणि एजंटचं कमिशन मिळून १ वजा करा. उरले ३.४. हप्ता ८.६४. म्हणजे वर्षाला ५.२४ तुमच्या पगारातून जाणार, महिन्याला जवळजवळ ०.४४. जे भाडं मिळतंय त्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही दरमहा खिशातून घालता आहात.

हे आकडे माझ्या सोयीचे आहेत असं वाटलं तर तुमच्या भागातले घाला, रीत तीच ठेवा. काही ठिकाणी किमतीच्या मानाने भाडं चांगलं आणि व्याजही कमी असतं, तिथे हिशेब खरोखर जमतो. वरच्या उदाहरणात मात्र भाड्यातून हप्ता निघायचा असेल तर कर्ज ८० नव्हे, ३० च्या आसपास हवं.

यातून एक कसोटी मिळते, आणि ती घर बघायला जाण्याआधीच लावता येते. सगळे खर्च वजा जाऊन उरलेलं भाडं घराच्या एकूण किमतीच्या किती टक्के पडतं ते काढा. एकूण किमतीत नोंदणी, कर, वकील, पहिली डागडुजी हे सगळं आलं. वरचं घर त्या खर्चांसह १०८ ला पडलं असेल तर परतावा ३ टक्क्यांच्या थोडा वर आहे. कर्जाचा दर याहून जास्त असेल तर प्रत्येक जास्तीचं कर्ज तुमचा तोटा वाढवतं. ३ आणि ९ मधली दरी भरायला घराची किंमत दरवर्षी वाढत राहावी लागते. ती वाढेलही. पण ती वाढ घर विकल्यावरच हातात येते आणि हप्ता दर महिन्याला जातो. किंमत वाढेल या भरवशावर घेणं हा वेगळा निर्णय आहे. तो घ्यायचा असेल तर घ्या, फक्त त्याला भाड्याचं उत्पन्न समजू नका.

व्याजदर बदलता असेल तर ९ चा १० झाल्यावर काय होईल तेही आत्ताच बघा: मुदत तीच राहिली तर हप्ता सुमारे ७ टक्क्यांनी चढतो. भाडं त्या दिवशी चढत नाही. म्हणून सहा महिन्यांचा हप्ता आणि खर्च बाजूला ठेवल्याशिवाय घर घेऊ नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. तो पैसा डाउन पेमेंटमध्ये घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. घर रिकामं, त्यात पाइप फुटलेला आणि हप्ता दारात, ही वेळ येते तेव्हा तो पैसाच घर वाचवतो.

भाडं किती येईल हे जाहिरातींवरून ठरवू नका. जाहिरातीत असतं ते मागितलेलं भाडं. त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या दोन-तीन जणांना विचारा, आणि एखादी जाहिरात किती आठवडे तशीच लटकलेली आहे यावर लक्ष ठेवा. फार दिवस लटकली असेल तर तो आकडा बहुधा लोकांना परवडत नाही. आणि पहिलं घर तरी तुम्हाला सहज जाता येईल एवढ्या अंतरावर घ्या.

घर बघताना राहणाऱ्याच्या नजरेने बघा. सकाळच्या गर्दीच्या वेळी नळाला जोर आहे का, खोलीत ऊन आणि वारा येतो का, रात्री रस्ता कसा असतो. सर्वात जास्त वेळ ओलीवर घालवा. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि तासाभराने परत बघा. आकडा सरकला असेल तर पुरवठ्याच्या पाइपात कुठेतरी गळती आहे. सरकला नाही आणि तरी भिंत ओली आहे, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर, बाथरूमच्या फरशीवर किंवा पावसाचं पाणी झिरपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर घ्यायचा. मालक तयार असेल तर बाथरूमचं सांडपाण्याचं तोंड बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत बघा. नुकताच लावलेला ताजा रंग फक्त एकाच भिंतीवर दिसला तर त्याचं कारण विचाराच.

दोन गोष्टींत काटकसर करू नका, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखणारा स्विच, हवा. कुणाला झटका बसला तर तो क्षणात वीज तोडतो. आणि गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो, त्याला ना रंग ना वास, आणि आतल्या माणसाला काही कळायच्या आत भोवळ येते. तुमच्या घरात कुणाचं तरी कुटुंब झोपणार आहे, म्हणून हे दोन्ही खर्च भाडेकरू येण्याआधीच करा. बाकी सजावट साधी ठेवा: फिकट रंग, सहज मिळणारे नळ, घासता येणारी फरशी. महागडं फॉल्स सीलिंग भाडं फारसं वाढवत नाही, दुरुस्ती मात्र वाढवतं.

आता भाडेकरू. आधी तुमच्या अटी कागदावर लिहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच लावा. मिळकत भाड्याच्या साधारण तिप्पट असावी, हा अनेक घरमालक वापरतात तो ठोकताळा उपयोगी आहे. पगाराची पावती किंवा बँकेचा उतारा मागा, ओळखपत्र बघा, नोकरीच्या ठिकाणी फोन करा. सध्याच्या घरमालकापेक्षा त्याच्या आधीच्या घरमालकाशी बोला. सध्याच्याला त्रासदायक भाडेकरू घालवायचा असेल तर तो तोंडभर कौतुक करेल. आधीच्याला आता काही देणंघेणं उरलेलं नसतं. त्याला एवढंच विचारा, की याच माणसाला पुन्हा घर द्याल का? उत्तर यायला किती वेळ लागतो तेही ऐका. जात, धर्म, एकटी बाई, लहान मुलं अशा कारणांवरून नकार देऊ नका. पुष्कळ देशांत असा भेदभाव बेकायदा आहे. कायदा नसता तरी तो अन्यायच, आणि वेळेवर भाडं देण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

पहिला महिना घर रिकामं राहिलं की जीव घाबरा होतो आणि जो येईल त्याला किल्ली द्यावीशी वाटते. थांबा. एक महिना जास्त रिकामा गेला तर एक महिन्याचं भाडं जातं. भाडं न देणारा माणूस घरात बसला तर अनेक महिन्यांचं जातं, वर कोर्टाचा खर्च.

करार लेखी हवा, भावाला किंवा मित्राला घर दिलं तरी. त्यात भाड्याची तारीख, उशीर झाला तर काय, कुठली दुरुस्ती कुणाची, नोटीस किती दिवसांची, भाडं केव्हा आणि किती वाढणार हे स्पष्ट लिहा. तुमच्या ठिकाणच्या कायद्यानुसार नोंदणी लागत असेल तर ती टाळू नका. एकदा वकिलाला दाखवा. किल्ली देताना दोघांनी मिळून घरभर फिरा, प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहा, दोघांनी सह्या करा. अनामत रकमेवरून होणारी भांडणं या अर्ध्या तासात बरीचशी मिटतात.

अनामत रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, ती तुमची कमाई नाही. परत देताना वापरामुळे झालेली झीज आणि केलेलं नुकसान यांत फरक करा. रंग फिका पडला ही झीज, दार फुटलं हे नुकसान. नुकसानीतही वस्तूचं वय धरा. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि भाडेकरू तीन वर्षं राहून भिंत खराब करून गेला, तर रंगाच्या खर्चाचा दोन पंचमांश भागच कापणं रास्त. कापलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या.

दुरुस्तीचा फोन आला की त्याच दिवशी उत्तर द्या, माणूस दुसऱ्या दिवशी गेला तरी चालेल. घरात जायचं असेल तर आधी कळवून, वेळ ठरवून जा. भाडं थकलं तर पहिल्याच आठवड्यात शांतपणे, लेखी विचारणा करा. नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल तर हप्ते बांधून द्या, तेही लेखी. पण पाणी तोडणं, वीज तोडणं, कुलूप बदलणं हे कधीही करू नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि तुमची बाजू खरी असली तरी कोर्टात तुम्हीच अडकता.

चांगला भाडेकरू टिकवणं हेच या व्यवहारातलं सगळ्यात फायद्याचं काम आहे असं माझं मत आहे, आणि त्यालाही आकड्यांचा आधार आहे. तुम्ही भाडं ५ टक्के वाढवलं तर वर्षाला मिळतं ०.६ महिन्याचं भाडं. त्या वाढीमुळे तो गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर तो महिना भरून काढायला ५ टक्क्यांची वाढ २० महिने मिळावी लागते. एजंट आणि रंग यांचा खर्च वेगळाच. म्हणून माझ्याकडे नीट राहणाऱ्यांचं भाडं बाजारभावापेक्षा किंचित कमीच असतं.

विमा कंपनीला घर भाड्याने दिल्याचं कळवा. स्वतः राहण्यासाठी घेतलेली पॉलिसी भाड्याच्या घराला लागू होईलच असं नाही. करासाठी प्रत्येक खर्चाची पावती जपा आणि या घराचं बँक खातं वेगळं ठेवा.

एजंटचं म्हणाल, तर भाडेकरू शोधायला एजंट जरूर घ्या, पण मुलाखत स्वतः घ्या. रोजची देखभाल पहिल्या घरापुरती तरी स्वतःकडे ठेवा. कुठला प्लंबर विश्वासाचा, कोणत्या कामाला किती लागतात, भाडेकरू कशाने वैतागतात हे तेव्हाच कळतं, आणि पुढे दुसऱ्याकडे काम सोपवलं तर त्याचं बिल वाचता येतं. अपवाद एकच. तुमची नोकरी अशी असेल की दिवसा फोनच उचलता येत नाही, तर पहिल्या दिवसापासून माणूस नेमा आणि त्याचा पगार वरच्या हिशेबात, त्या १ च्या खर्चात मिळवून, परतावा पुन्हा काढा.