भावगीतं-अभंग ऐकत वाढलेल्या माणसाने अँबियंट आणि प्रायोगिक संगीत कुठून ऐकायला सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की कान भावगीतांवर, अभंगांवर आणि थोड्या नाट्यसंगीतावर पोसला गेला. मित्राने चर्चच्या ऑर्गनचा एक अल्बम पाठवला, तो तुम्ही चाळीस मिनिटं ऐकला, आणि गाणं सुरू व्हायची वाट बघता बघता तो संपलाच. आता नव्यातले आणि जुन्यातून पुन्हा सापडलेले कुठले अल्बम आधी ऐकावेत, आणि त्यांत नेमकं ऐकायचं काय, असे दोन प्रश्न आहेत. नावं सांगतेच, पण दुसरा प्रश्न आधी घेते. तो सुटला नाही तर नावांची यादी घेऊन काही उपयोग होणार नाही.

आई रियाजाला बसायची तेव्हा मागे तानपुऱ्यावर मला बसवायची. मिरजेहून आणलेला मोठा तानपुरा, माझ्यापेक्षा उंच. तारा जुळल्या की आई घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवायची, केसभर पुढे, केसभर मागे. दोरा जागेवर नसेल तर तार नुसती टण् करून थांबते. जागेवर आला की त्याच तारेच्या आवाजाला पदर सुटायला लागतात, जवारी लागते. मग आई विचारायची, ‘गांधार आला का?’ मला काही कळायचं नाही. एक तार पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या, चौथी खर्जाची. गांधाराची तार तानपुऱ्याला नसतेच. कित्येक दिवस मी खोटंच ‘हो’ म्हणायचे. एका संध्याकाळी दिवे गेलेले होते, करण्यासारखं काही नव्हतं म्हणून नुसती छेडत बसले होते, आणि खर्जाच्या तारेवर, खूप वर, बारीक आणि स्वच्छ असा गांधार ऐकू आला. कुणीही वाजवत नसलेला. याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाची तार एका वेळी एकच स्वर देत नाही, तिच्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे स्वर तिच्यातून एकदम निघत असतात. त्यातला पाचवा म्हणजे हा गांधार. तो आधीपासून तिथे होता, माझा कान पोचायला वेळ लागला.

अँबियंट म्हणजे खोलीतल्या हवेसारखं भोवती पसरून राहणारं संगीत, आणि प्रायोगिक म्हणजे ठरलेली चौकट सोडून केलेलं. या संगीतात हेच ऐकायचं. मुखडा येणार नाही, समेवर कुणी येणार नाही. जो एक स्वर दहा मिनिटं लांबतोय त्याच्या आत काय चाललंय तिकडे कान लावायचा. आणखी एक गोष्ट ओळखायला शिका. दोन स्वर अगदी जवळजवळ पण किंचित वेगळे असले की आवाज डोलायला लागतो. एक स्वर सेकंदाला २२० कंपनांचा आणि दुसरा २२१ चा असेल तर दर सेकंदाला एक हेलकावा मिळतो. तानपुऱ्याची जोडी लावताना आपण हाच हेलकावा मोजत मोजत तो थांबेपर्यंत मणी सरकवतो. तुमच्या मित्राने पाठवलेल्या ऑर्गनमध्येही हे हेलकावे असणार, आणि ताल नाही असं वाटतं तिथे बऱ्याचदा तेच लय धरून असतात.

हे मी ओढूनताणून आपल्याकडे आणत नाहीये. हे नातं खरोखरचं आहे. ज्या अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे आपल्या हिराबाई बडोदेकर शिकल्या, त्यांचेच शिष्य पंडित प्राणनाथ. किराणा घराण्याची संथ, एकेका स्वराला कुरवाळत जाणारी आलापी घेऊन ते १९७० साली न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकेतले दोन मोठे प्रयोगशील संगीतकार त्यांचे गंडाबंध म्हणावे असे शिष्य झाले. तानपुरा जुळवण्यापासून शिकले. पुढे तिकडे ‘ड्रोन’ म्हणून, म्हणजे एकच स्वर लांबवत नेणाऱ्या संगीताचा, जो प्रवाह वाढला, त्यावर या तालमीचा मोठा ठसा आहे.

प्राणनाथांच्याच शिष्या कॅथरिन ख्रिस्टर हेनिक्स, स्वीडनच्या, गणिताच्याही अभ्यासक. त्यांनी १९७६ साली स्टॉकहोममध्ये ‘द इलेक्ट्रिक हार्पसिकॉर्ड’ वाजवलं. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, पण पट्ट्या पाश्चात्त्य पद्धतीच्या ठेवल्या नाहीत, नैसर्गिक श्रुतींवर लावून घेतल्या, आणि आधार घेतला मुलतानीचा. हे ध्वनिमुद्रण इतकी वर्षं पडून होतं, ते २०१० मध्ये इटलीतल्या एका छोट्या कंपनीने काढलं. मुलतानी ओळखीची असेल तर पहिली दोनतीन मिनिटं तिचा कोमल रिषभ, तीव्र मध्यम शोधत बसाल. नंतर ते सोडून द्या. स्वर एकमेकांवर इतके दाटत जातात की वाजवणारे हात आणि उमटणारे स्वर यांचा मेळ लागेनासा होतो. सुरुवातीला हा अल्बम नको, अंगावर येतो. महिन्याभराने ऐका.

सुरुवातीला नवा हवा असेल तर कॅली मलोनचा ‘ऑल लाइफ लाँग’, २०२४ चा. तुम्हाला आलेला अल्बम कदाचित हिचाच असेल, कारण हल्ली ऑर्गन म्हटलं की तिचंच नाव पुढे येतं. २०१९ चा ‘द सॅक्रिफिशियल कोड’ हाही तिचाच. ‘ऑल लाइफ लाँग’मधल्या ऑर्गनवादनासाठी तिने मुद्दाम जुन्या मीनटोन पद्धतीने लावलेले ऑर्गन निवडले. त्याचं महत्त्व आपल्याला चटकन कळावं. पेटीचा गांधार गाणाऱ्याला का खुपतो? पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यात गांधार नैसर्गिक जागेपेक्षा सुमारे १४ सेंट चढा बसतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. मीनटोनमध्ये गांधार शुद्ध किंवा त्याच्या अगदी जवळ ठेवलेला असतो. म्हणजे मलोनच्या ऑर्गनमधला गांधार तानपुऱ्यातल्या त्या गांधाराचा सख्खा भाऊ आहे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला थेट दिवे गेलेली ती संध्याकाळ आठवली, आणि मी अल्बम थांबवून आईला फोन केला.

गंमत म्हणजे ज्या ‘आयडिऑलॉजिक ऑर्गन’ कंपनीने ‘ऑल लाइफ लाँग’ काढला, तिनेच उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणाही काढली आहे. पनवेलजवळ पळस्प्याला ज्यांचं धृपद गुरुकुल, तेच डागर. अमेरिकेतल्या मैफलीत त्यांनी वाजवलेला यमन आज पॅरिस-स्टॉकहोमची तरुण मुलं ऑर्गनच्या अल्बमशेजारी ठेवून ऐकतात. त्यांना तो शास्त्रीय की प्रायोगिक असा प्रश्न पडत नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. डागरांची खर्जातली एक मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सावकाश ऐकली तर अँबियंट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता पुन्हा सापडलेल्यांपैकी मला सगळ्यात मोलाचा वाटणारा अल्बम. ‘द एनआयडी टेप्स’, २०२३. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, आणि टेप मशिनं लावून दिली. देशातला इलेक्ट्रॉनिक संगीताचा हा पहिला स्टुडिओ. यामागे साराभाई कुटुंब होतं. त्यांतल्या गीताबेन पखवाज वाजवायच्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या अमेरिकन प्रयोगशील संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं होतं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं होतं. संगीत कशासाठी, तर मन शांत करून दैवी गोष्टींना जागा करून देण्यासाठी, ही गीताबेननी आपल्या गुरूंची म्हणून सांगितलेली गोष्ट केज आयुष्यभर सांगत राहिला. बाईंचं नाव मात्र आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

स्टुडिओ जेमतेम तीन वर्षं चालला आणि टेप्स संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधल्या, दुरुस्त करून घेतल्या आणि १९६९ ते १९७२ मधलं निवडक काम प्रसिद्ध केलं. गीताबेन, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा, आणि ट्यूडर स्वतः. माथुरांची ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’ ही रचना तुम्ही ऐकाच. भल्या मोठ्या यंत्रासमोर बसलेला माणूस, आणि त्याला आठवतोय तानपुरा. त्यांचीच ‘माय बर्ड्स’ मला फार आवडते. जोशीपुरांची ‘स्पेस लायनर २००१’ नावाप्रमाणेच अंतराळात निघाली आहे. सगळंच थोर आहे असं मी म्हणणार नाही. काही तुकडे म्हणजे नवीन यंत्राची बटणं फिरवून पाहणं आहे. पण ते ऐकताना पुढे काय निघेल हे वाजवणाऱ्यालाही माहीत नाही, हे जाणवतं, आणि त्या कुतूहलासाठी मी तो अल्बम पुन्हा पुन्हा लावते. स्टुडिओ बंद पडल्यावर ही परंपरा तिथेच खुंटली, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या कानावर हे शाळेत असताना पडलं असतं तर?

मुंबईचे चरणजित सिंग तुम्ही कदाचित ऐकले असतील. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य गेलेला वादक. १९८२ मध्ये त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा एलपी केला, भैरवपासून बैरागीपर्यंत दहा राग, साथीला रोलंड कंपनीची तेव्हा नुकतीच निघालेली यंत्रं. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. एका डच संग्राहकाच्या हाती ती रेकॉर्ड दिल्लीत लागली आणि त्याने २०१० मध्ये ती पुन्हा काढली. तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोत १९८७ च्या आसपास ‘ॲसिड हाउस’ या नाचाच्या संगीतात गाजलेला आवाज यात पाच वर्षं आधीच होता. त्यातल्या टीबी-३०३ यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. शिकागोच्या पोरांना त्यात नाच दिसला, सिंगांना मींड. हा अल्बम अँबियंट नाही, चांगला ठेका आहे, त्यामुळे तुम्हाला लगेच रुचेल.

आणि अगदी हलक्या पावलाने यायचं असेल तर जपान. हिरोशी योशिमुरांचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’, १९८२. टोकियोच्या हारा संग्रहालयाच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या दृश्याशेजारी वाजावं म्हणून त्यांनी घरीच कीबोर्डवर केलेले नऊ छोटे तुकडे. तिथे ते वाजायला लागल्यावर येणारे लोक ही रेकॉर्ड कुठे मिळते विचारू लागले, म्हणून ती निघाली. योशिमुरा २००३ मध्ये वारले. २०१७ मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि आज ती जगभर ऐकली जाते. स्वर मोजकेच असतात, आणि दोन स्वरांमधली जागा रिकामी सोडलेली असते. सकाळी चहा उकळत असताना लावा, चहाच्या उकळीसकट ते पूर्ण होतं.

एलियान रादीग या फ्रेंच संगीतकार बाईंचं तीन तासांचं ‘ट्रिलॉजी द ला मोर’ शेवटी ठेवा. त्यातला मधला भाग कैलासाच्या परिक्रमेवर आहे. घाई करू नका.

ऐकायचं कसं, तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यातून खर्ज नीट येत नाही, आणि खर्जाशिवाय हे संगीत अर्धंच उरतं. घरातले साधे मोठे स्पीकर किंवा बरे हेडफोन पुरतात. आवाज तानपुऱ्याइतकाच ठेवा. लोकलमध्ये मी दोनदा प्रयत्न केला, काही हाती लागलं नाही. यातले बरेच अल्बम बँडकॅम्प या संकेतस्थळावर मिळतात. परवडेल तेव्हा एखादा विकत घ्या, कारण जुन्या टेप्स शोधून काढणारे बहुतेक लोक दोन-तीन माणसांच्या कंपन्या चालवतात.

पण त्याआधी एक करा. ओळखीत कुणी गाणारं असेल तर त्यांच्याकडे जाऊन दहा मिनिटं तानपुऱ्याजवळ बसा, फक्त खर्जाची तार छेडायला सांगा आणि गांधार शोधा. पहिल्या दिवशी नाही सापडला तर दुसऱ्या दिवशी जा. मग घरी येऊन मित्राने पाठवलेला तो ऑर्गनचा अल्बम पहिल्यापासून लावा आणि काय ऐकू आलं ते मला जरूर लिहा.