कंट्री गाण्यांना ‘लोकगीते’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील कंट्री म्युझिकविषयी मराठीत लिहिताना ‘लोकसंगीत’, ‘ग्रामीण संगीत’ आणि ‘देशी संगीत’ असे तीन पर्याय वापरलेले दिसतात, त्यांपैकी कोणता योग्य? तसेच हल्लीच्या कंट्री गाण्यांच्या शब्दरचनेवर टीका करताना ‘ब्रो-कंट्री’ म्हणतात, त्याला मराठी प्रतिशब्द आहे का?

माझ्या मते तिन्ही पर्याय टाळून ‘कंट्री संगीत’ आणि ‘कंट्री गीत’ असेच लिहावे. त्यांतही ‘लोकसंगीत’ हा शब्द सर्वांत अधिक दिशाभूल करणारा आहे, कारण आजच्या कंट्री गाण्यांविषयीचा सगळा वाद ज्याच्याभोवती फिरतो, तो गीतकारच त्या शब्दाने नजरेआड होतो.

लोकगीत म्हटले की मराठी वाचकाला जात्यावरची ओवी किंवा भोंडल्याचे गाणे आठवते. त्याचा कर्ता कोण हे कोणी विचारत नाही आणि गावागणिक त्यातले शब्द बदलले तरी कोणाची हरकत नसते. कंट्री संगीताच्या मुळाशी अशी गाणी होती, हे खरेच आहे. परंतु १९२७ साली टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल येथे निर्माते राल्फ पीर यांनी व्हिक्टर या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी कार्टर कुटुंबाची आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा त्यांना कोणाच्या तरी नावावर नोंदवता येतील अशीच गाणी हवी होती, कारण त्यांची मिळकत गाण्यांच्या स्वामित्वहक्कावर अवलंबून होती. त्या कुटुंबातील ए. पी. कार्टर डोंगराळ भागात हिंडून जुनी गाणी जमवत, त्यांना नवा घाट देत, आणि मग ती त्यांच्या नावावर नोंदली जात. हे न्याय्य होते का, हा वेगळा प्रश्न आहे. पण हे संगीत बाजारात आले तेव्हाच गाण्याला मालक मिळाला, एवढे त्यावरून निश्चित होते. पुढे ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकाने १९४४ साली ज्यूकबॉक्सवरील, म्हणजे नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या यंत्रांवरील, अशा गाण्यांची यादी सुरू केली ती ‘फोक’ या नावानेच, आणि १९४९ मध्ये तो शब्द सोडून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव घेतले. म्हणजे ‘लोक’ हे विशेषण त्या व्यवसायाने स्वतःच वापरून पाहिले आणि टाकून दिले.

कंट्री संगीताच्या व्यवसायाचे केंद्र असलेल्या टेनेसीतील नॅशव्हिलमध्ये गीतलेखन हा पूर्णवेळ पेशा आहे. वेळ ठरवून दोघे-तिघे गीतकार एका खोलीत बसतात आणि उठेपर्यंत गाणे उभे करतात. चांगल्या कंट्री गाण्याला तीन स्वरमेळ (कॉर्ड) आणि सत्य एवढेच लागते, हे गीतकार हार्लन हॉवर्ड यांच्या नावाने सांगितले जाणारे वचन या पेशाचे ब्रीद होऊन बसले आहे. यातली ‘सत्य’ ही अट मला फार महत्त्वाची वाटते. ओवीत सासरचा जाच आला, तर ती गाणाऱ्या बाईने तो स्वतः सोसला आहे का, हे कोणी तपासत नाही. कंट्री गीताचा श्रोता मात्र नेमके तेच तपासतो. गायिका लोरेटा लिन यांनी १९७० साली केंटकीतील खाणकामगार वडिलांविषयी आणि कपडे धुऊन बोटे रक्ताळलेल्या आईविषयी स्वतः लिहून गायलेले गीत आजही मापदंड मानले जाते, ते याच कारणाने.

‘ब्रो-कंट्री’ या शब्दातली तक्रार या पार्श्वभूमीवरच कळते. जोडी रोझेन या समीक्षकाने ऑगस्ट २०१३ मध्ये तो वापरात आणला. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूझ’ हे गीत तेव्हा गाजत होते. ते ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत एकूण २४ आठवडे अव्वल राहिले. पिकअप ट्रक, मातीचा रस्ता, बिअर, तोकड्या जीन्समधली मुलगी आणि तिच्याकडे पाहणारा तरुण एवढ्या सामग्रीवर गाण्यांमागून गाणी निघू लागली, हा आक्षेप होता. २०१४ मध्ये मॅडी अँड टे या दोन तरुणींनी अशा गाण्यांतल्या मुलीची बाजू मांडणारे गीतच काढले आणि तेही लोकप्रिय झाले.

‘क्रूझ’च्या गीतकारांत पाच नावे आहेत, म्हणून समितीने लिहिलेले गाणे खोटेच असणार, असे अनेक जण म्हणतात. मला हे पटत नाही. छोट्या गावातल्या कोंडीवरचे गायिका केसी मस्ग्रेव्ह्ज यांचे ‘मेरी गो राउंड’ हे गीत तिघांनी मिळून लिहिलेले आहे, आणि त्याचे निरीक्षण इतके धारदार आहे की त्याला ग्रॅमी मिळाले याचे नवल वाटत नाही. दोष लिहिणाऱ्यांच्या संख्येत नसून न पाहता लिहिण्यात आहे. लिन यांच्या गीतात प्रत्येक वस्तू एका विशिष्ट घरातली आहे. नव्या गाण्यांतला ट्रक कोणाचाच नसतो. ट्रेसी चॅपमन यांचे १९८८ सालचे ‘फास्ट कार’ हे गीत मुळात कंट्री म्हणून लिहिलेलेही नव्हते. कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स यांनी ते गायल्यावर २०२३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार चॅपमन यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार ठरल्या. गाडीत बसलेल्या दोघांच्या मागे दारूडा बाप, सोडलेली शाळा आणि दुकानातली नोकरी त्या गीतात आहे, म्हणून ती गाडी खरी वाटते.

उरलेल्या दोन पर्यायांचा विचार थोडक्यात करता येईल. ‘देशी संगीत’ ही संज्ञा आपल्याकडे मार्गी म्हणजे शास्त्रनियमांनी बांधलेल्या संगीताच्या जोडीने मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या प्राचीन संगीतग्रंथापासून रुळलेली आहे, तिला दुसरा अर्थ चिकटवणे बरे नव्हे. ‘ग्रामीण’ तुलनेने जवळचा आहे, कारण ग्रामीण साहित्याला लेखक असतो. परंतु या गाण्यांचे लेखन आणि ध्वनिमुद्रण बहुतांशी शहरात होते आणि श्रोतेही केवळ खेड्यांतले नसतात.

‘ब्रो-कंट्री’साठी ‘गावरान’ सुचवले जाते, पण मराठीत गावरान तूप म्हणजे अस्सल तूप; जिथे अस्सलपणाचीच शंका घेतली जात आहे तिथे हा शब्द उलट अर्थ देईल. ‘ब्रो’ हे तरुण मुलांचे आपसातले संबोधन आता मराठी बोलण्यातही ऐकू येते, तेव्हा मूळ शब्द तसाच ठेवून प्रथम येईल तिथे ‘तरुणांच्या मौजमजेची ठरावीक चित्रे रंगवणारी कंट्री गाणी’ एवढा खुलासा करावा. हे टीकाकारांनी दिलेले नाव आहे, त्यामुळे एखाद्या गायकाची शैली सांगताना ‘ब्रो-कंट्री गायक’ असे सरळ न लिहिता ‘ज्याला समीक्षक ब्रो-कंट्री म्हणतात’ असे लिहिणे अधिक अचूक होईल.