नवऱ्याचे इंग्लिश-आयरिश पूर्वज शोधायला साईटवर पैसे भरावेत का?

ताई, प्रश्न वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला. तुम्ही म्हणताय सासरचं मूळ अर्धं इंग्लंडचं अर्धं आयर्लंडचं, लेकीला शाळेत फॅमिली ट्री न्यायचाय, तर साईटचं सबस्क्रिप्शन घ्यावं का, तिथे म्हणे तयार झाडं मिळतात, आणि आयर्लंडमधलं गाव सापडतं का. तर त्या तयार झाडावरूनच माझं आणि माझ्या नणंदेचं सहा वर्षं धड बोलणं नाहीये, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगते.

नणंद लिव्हरपूलची, नवऱ्याची थोरली बहीण, स्वभावाने वाईट नाही. पण तिने एका साईटवरून कुणाचं तरी झाड उचललं, छापलं आणि फ्रेम करून जिन्याजवळ लावलं. त्यात यांचा खापरपणजा मायकल, जन्म १८४० मेयो काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा, हा आयर्लंडमधला), बाप पॅट्रिक, आई मेरी. अहो, मेयोमध्ये पॅट्रिक आणि मेरी शोधणं म्हणजे कोकणात जाऊन गणपत आणि लक्ष्मी कुठे राहतात विचारण्यासारखं आहे. पुरावा काय विचारलं तर म्हणे बऱ्याच लोकांच्या झाडात हेच आहे. असणारच, सगळ्यांनी एकमेकांचंच उतरवलंय!

मग सासऱ्यांच्या बिस्किटाच्या डब्यात मायकलचं लग्नाचं सर्टिफिकेट निघालं, १८६२ चं. इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यात नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं आणि धंदे असतात, हे सोनं आहे. मायकलच्या बापाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात थॉमस, लेबरर, मयत. खाली मायकलची सही नाही, फुली. आपल्याकडे अंगठा, तिकडे फुली. मी फोटो काढून नणंदेला पाठवला, तिचं उत्तर, क्लार्कने चूक केली असेल. जिवंत माणूस समोर उभा राहून बापाचं नाव सांगतोय तो चूक, आणि दीडशे वर्षांनी कुणीतरी सोफ्यावर बसून क्लिक केलं ते बरोबर!

तिथून मला हट्ट चढला. इंग्लंडच्या सेन्ससमध्ये १८४१ पासून सगळ्यांची नावं मिळतात आणि १८५१ पासून जन्मगावही लिहिलंय, पण ते इंग्लंडात जन्मलेल्यांचं, आयरिश माणूस असला की नुसतं 'आयर्लंड' लिहून मोकळे. १८५१ ला लिव्हरपूलमध्ये पाचातला एक माणूस आयर्लंडात जन्मलेला, दुष्काळातून आलेला, कोण कुणाचं गाव विचारत बसणार. म्हणून मी मायकलचा नाद सोडला आणि त्याच्या आजूबाजूची माणसं धरली. (ही एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.) कॅथलिक चर्चची रजिस्टरं लॅटिनमध्ये असतात, घाबरू नका, दहा-बारा शब्दांचा खेळ आहे. जेम्सचा जेकोबस होतो, विल्यमचा गुलिएल्मस, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईच्या नावानंतर 'ओलिम' लिहून तिचं माहेरचं आडनाव येतं. आपलं 'पूर्वाश्रमीच्या' तसंच, मला फार गंमत वाटली. लग्नाच्या लॅटिन नोंदीत मायकलचे आईबाप थॉमस आणि होनोरा. म्हणजे क्लार्क दोनदा चुकला का? पोरांच्या बाप्तिस्म्याला गॉडफादर म्हणून जॉन, आडनाव तेच.

हा जॉन निघाला फौजेतला. पेन्शनीत निघालेल्या सोल्जरचे कागद असतील तर पहिल्या पानावर अमुक पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर), तमुक शहरात किंवा जवळ, काउंटी अमुक, असा जन्माचा पत्ता असतो. काउंटी रॉसकॉमन. मेयो नाही! आणि मेडिकलच्या पानावर, पूना, एग्यू. म्हणजे हिवताप. हा बाबा माझ्या माहेरापासून बसच्या दोन स्टॉपवर हिवतापाने कुडकुडत पडला होता आणि मी त्याला लिव्हरपूलमध्ये शोधतेय. रात्री दीडला एकटीच हसत होते, नवरा उठून आला.

पुढे पॅरिशचं नाव हातात होतं म्हणून डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीच्या साईटवर त्या पॅरिशचं रजिस्टर उघडलं. २०१५ पासून जवळजवळ सगळी कॅथलिक रजिस्टरं तिथे फुकट आहेत, नुसते फोटो, शाई उडालेली, पानापानाने वाचावं लागतं. तीन आठवडे लागले. १८३६, मायकल, थॉमस आणि होनोरा. आणि १८४० ला एक बहीण, तीही होनोरा. ती गावातच राहिली, बिनलग्नाची. आयर्लंडचे १९०१ आणि १९११ चे सेन्सस फुकट आहेत, तर बाई १९०१ मध्ये ५४ वर्षांची आणि १९११ मध्ये ७१. नणंद लगेच म्हणाली दोन वेगळ्या बायका. अहो, १९०९ पासून सत्तरीच्या लोकांना पेन्शन सुरू झाली! १९०१ ला बाईने वय चोरलं होतं, पेन्शन आल्यावर खरं सांगितलं. आणि तिकडे जन्मनोंदणीच १८६४ ला सुरू झाली (इंग्लंडात १८३७), तेव्हा म्हाताऱ्यांच्या वयाला पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१ चे जुने सेन्ससचे कागद धुंडाळायचे. तेच कागद पुढे १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या, म्हणजे सरकारी दफ्तर होतं त्या कोर्टाच्या इमारतीच्या, आगीत गेले.

त्या आगीचं निमित्त करून 'आयर्लंडचं सगळं जळलंय' म्हणणारे भेटतील, नणंदही त्यातलीच. १८६१ ते १८९१ चे सेन्सस आगीत गेलेच नाहीत, सरकारनेच नष्ट केले, शेवटचे दोन पहिल्या महायुद्धात रद्दीत घातले. कॅथलिक रजिस्टरं पॅरिशमध्येच होती म्हणून वाचली. जळलं म्हणणं सोयीचं असतं, मग शोधावं लागत नाही.

हां, आता थोडं सावरून घेते. हे सगळं कॅथलिक घराचं झालं. तुमच्या सासरचे चर्च ऑफ आयर्लंडवाले, म्हणजे प्रोटेस्टंट, असतील तर त्यांची निम्म्याहून जास्त रजिस्टरं त्या आगीत खरंच गेली. अल्स्टरकडचे, म्हणजे उत्तरेकडचे, असतील तर जुन्या कागदांचं बेलफास्टचं ऑफिस वेगळं. आणि माझा १८३६ चा मायकल तोच हे मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही, पण पॅट्रिक-मेरीवाल्यापेक्षा शंभरपट बरा. सासूबाईंकडच्या इंग्लिश बाजूला तर एका दाखल्यात बापाचा रकाना कोराच निघाला, सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, हे लेकीला सांगू नकोस. नाही सांगितलं. तुमच्याकडे असं निघालं तर शाळेच्या चार्टवर काय लिहायचं ते आधी ठरवा.

सबस्क्रिप्शनचं राहिलंच. आयर्लंडचं बहुतेक फुकट आहे, जन्म-लग्न-मृत्यूचे जुने दाखलेसुद्धा. इंग्लंडचा जन्माचा इंडेक्स सरकारी साईटवर आईच्या माहेरच्या आडनावासकट फुकट दिसतो. पैसे लागतात ते मुख्यतः इंग्लंडच्या सेन्ससला, पण तिथल्या बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत त्या साईट्स फुकट बघता येतात, एक शनिवार काढा. आधी सासऱ्यांना जुना डबा काढायला सांगा. आणि मेयोचा मायकल, जन्म १८४०, बाप पॅट्रिक, आई मेरी असं झाड कुठे दिसलं तर उचलू नका, ते आमचं आहे आणि चूक आहे.