वडावरून शीळ ऐकू आली, पक्षी मात्र दिसला नाही. तो हरियल असेल का?

तुमचा प्रश्न असा: सकाळी रानातल्या वडाखाली उभे असताना वरून माणसाने घालावी तशी शीळ ऐकू आली, पक्षी दिसला नाही. सोबतचे म्हणाले हरियल. पण ते तर कबूतर, मग ते घुमायला नको का?

सोबतचे बरोबर असावेत. हरियल कबुतराच्याच कुळातला आहे, पण तो घुमत नाही, शीळ घालतो. कामात गढलेला माणूस स्वतःशीच शीळ वाजवतो ना, तशी. मऊ, फार मोठी नाही, चढते, मध्येच घसरते, वळसा घेऊन पुन्हा वर येते. माझ्या मते आपल्याकडच्या रानातला हा सर्वात गोड आवाज आहे, आणि तो आपल्या राज्यपक्ष्याचा आहे याचा मला फार आनंद होतो.

घुमण्याची रीतच वेगळी. इमारतींवरची कबुतरं किंवा होले चोच मिटून घुमतात. गळा हवेने फुगतो आणि आवाज त्या फुगलेल्या गळ्याच्या कातडीतूनच बाहेर पडतो, म्हणून तो खर्जातला आणि एकसुरी. सह्याद्रीच्या सदाहरित रानातलं मोठं राजकबूतर तर इतक्या खर्जात हुंकारतं की ऐकताना छातीत जाणवतं. खर्जातला आवाज पानांच्या गर्दीतूनही लांबवर जातो, त्यामुळे ते दिसत नसतानाही ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट. कोकिळा, होले किंवा कबुतरं आपला आवाज कुणाकडून शिकत नाहीत. होल्याचं पिल्लू दुसऱ्या जातीच्या होल्यांनी वाढवलं तरी मोठेपणी स्वतःच्याच जातीचं घुमतं.

फसायची जागा एकच, शीळकरी कस्तूर. तोही माणसासारखी शीळ घालतो, पण त्याची शीळ मोठी, खणखणीत असते आणि बहुतेक वेळा ओढ्याकाठून, धबधब्याजवळून येते, विशेषतः पावसाळ्यात. फळांनी लगडलेल्या वडा-पिंपळा-उंबरावरून मऊ शीळ येत असेल तर हरियलच धरा.

दिसला नाही याचं कारण त्याचा पोपटी-पिवळा रंग, आणि चाहूल लागताच तो फांदीवर अगदी गोठून बसतो. शीळ अचानक थांबली तर समजा, त्याने तुम्हाला पाहिलंय. तेव्हा पुढे सरकू नका. खोडाला टेकून उभे राहा आणि पक्षी शोधण्याऐवजी हलणारी पानं आणि खाली पडणारी फळं बघा. थोड्या वेळाने एखादा फळाकडे मान लांबवेल, मग त्याच्या शेजारचा दिसेल, मग पिवळे पाय. उन्हं कोवळी असताना गेलात तर आणखी सोपं, तेव्हा थवा निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसलेला असतो. घाई केलीत तर पंखांचा मोठा फडफडाट होईल आणि रिकामं वाटणारं झाड सोडून अख्खा थवा उडून जाईल.